हिरवे पडलेले आलू उकडून चालतात का?

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या घरी आलूचा कट्टा खिडकीपाशीच राहून गेला, आता बरेच आलू हिरवे पडलेत अन् कोंबं आलेत. सासूबाई म्हणतात उकडले की काही होत नाही, नाहीतर ढोरांना टाकू. सांदवाडीत आलूची झाडं पण आहेत, त्यांचा पाला भाजीला चालतो का?
– एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : ताई, उकडून ते विष जात नाही, हे सासूबाईंना नीट समजावून सांगा. आलूत सोलॅनिन आणि चॅकोनिन असे दोन विषारी घटक असतात, कुकरच्या कितीही शिट्ट्या घ्या नाहीतर तेलात तळा, ते बहुतेक तसेच राहतात. चांगल्या आलूच्या गरात ते अगदी कमी, १०० ग्रॅममागे ५ मिलिग्रॅमच्या आतच, सालीत ३०-६० आणि कोंबांत तर २००-४०० पर्यंत! अख्ख्या आलूत मिळून १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅमच्या वर नको असं मानतात. हिरवा रंग म्हणजे नुसतं हरितद्रव्य, त्यानं काही होत नाही, पण ज्या उजेडानं आलू हिरवा होतो त्याच उजेडानं विषही वाढतं.

म्हणून थोडासाच हिरवा असेल तर तेवढा भाग खोल कापून, साल जाड काढून वापरा. जास्त हिरवा, नरम पडलेला, कडू लागणारा आलू सरळ फेका, जीव लावू नका त्याला. लंडनच्या एका शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीआधीपासून पडून राहिलेले आलू जेवणात आले अन् ७८ मुलं आजारी पडली, १९७९ साली डॉक्टरांनी ते लिहून ठेवलंय. त्रास लगेच दिसेलच असं नाही, काही तासांनी उलट्या, हगवण, पोटात कळ, डोकेदुखी सुरू होते, अशावेळी घरी वाट न पाहता दवाखाना गाठा, लेकरांच्या बाबतीत तर अजिबात थांबू नका.

पाला नकोच, फुलंही नको. झाडाला बारक्या हिरव्या टमाटरासारखी फळं धरतात, ती तर लेकरांच्या हातीच लागू देऊ नका. ढोरांनाही ते आलू अन् पाला बाधतो, त्यांच्यापुढे टाकू नका.

पुढच्या वेळी कट्टा अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवा, वरून बारदाना टाका, अन् उन्हाळ्यात आठवडी बाजारातून थोडेथोडेच आणा. कोंब आलेले पण न सडलेले आलू दिवाळीच्या आसपास लावता येतात, फक्त झाडाला माती चढवत राहा, जमिनीतून उघडा पडलेला आलू तिथंच उन्हानं हिरवा होतो.