पायलट व्हायचंय आणि थॅलेसेमिया मायनर आहे? आधी कागद जमव, मग फी भर

अरे, हिमोग्लोबिन 11 आलं म्हणून लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस. माझीही हीच चूक झाली होती, तीन महिने खाल्ल्या, आकडा हलला नाही. थॅलेसेमिया मायनर हा जन्मजात, सौम्य रक्तदोष; त्यात लोह बहुधा कमी नसतंच. लाल पेशीच लहान असतात. आधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा बघ, आणि एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करून घे. त्यात एचबीए2 हा प्रकार साधारण 3.5 टक्क्यांच्या वर आला की निदान जवळपास पक्कं. मग रक्तविकारतज्ज्ञाकडून पत्र घे: प्रकार मायनर, रक्त चढवावं लागत नाही, प्लीहा वाढलेली नाही, आकडे वर्षानुवर्षं स्थिर. जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट फेकू नकोस, तेच तुझे साक्षीदार.

डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था; तिचं क्लास 2 मेडिकल आधी, कमर्शियल पायलट लायसन्ससाठी पुढे क्लास 1. फॉर्मवर आजार लपवू नकोस. सीबीसीत तो दिसतोच, आणि खोटं सापडलं तर प्रकरण रक्तापुरतं राहत नाही. 'टेंपररी अनफिट' आलं तरी घाबरू नकोस, मागितलेल्या तपासण्या करून पुन्हा जाता येतं.

आणि हो, फ्लाइंग स्कूलचे लाखो रुपये क्लास 1 हातात आल्यावरच भर. प्रवेशवाले घाई करतील, करू देत.