ब्रेक्झिटनंतर स्कॉटलंड स्वतःच्या बळावर स्वातंत्र्याचं दुसरं सार्वमत घेऊ शकतं का?

नाही, लंडनच्या संसदेच्या संमतीशिवाय घेऊ शकत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 23 नोव्हेंबर 2022 रोजी एकमताने तसा निकाल दिला. 1998 च्या स्कॉटलंड कायद्यात इंग्लंडशी असलेलं एकीकरण हा विषय लंडनकडे राखून ठेवलाय. ‘आमचं मतदान फक्त सल्ल्यापुरतं, बंधनकारक नाही’ हा एडिंबराचा (म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारचा) युक्तिवादही टिकला नाही, कारण अशा कौलाचे राजकीय परिणाम होणारच. 2014 चं सार्वमत झालं, कारण तेव्हा लंडनने त्याच कायद्याच्या कलम 30 खाली तात्पुरते अधिकार दिले होते. त्यात 55 टक्क्यांनी ‘नाही’ म्हटलं.

मग पुन्हा मागणी का? तेव्हा ‘वेगळे झालात तर युरोपीय संघातून बाहेर पडाल’ अशी भीती घातली गेली होती. आणि 2016 च्या ब्रेक्झिट सार्वमतात संघात राहण्याच्या बाजूने 62 टक्के मतं देऊनही स्कॉटलंड बाहेर पडलंच! तिथल्या 32 च्या 32 स्थानिक परिषदांमध्ये ‘राहा’ जिंकलं. मरी (Moray) या परिषदेत मात्र जेमतेम 122 मतांनी. म्हणजे सगळं स्कॉटलंड एका सुरात बोलत होतं असं समजू नका.

एक लक्षात घ्या, हा निकाल अधिकार कोणाचा एवढंच सांगतो. उद्या लंडनने परवानगी दिली तर सार्वमत होऊ शकतं. पण 2024 च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत स्वातंत्र्याची मागणी करणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी 48 वरून 9 जागांवर आली, त्यामुळे लंडनवर दबाव आणायची तिची ताकद बरीच घटली.