फॉर्म्युला तर पेपरातच मिळतो, मग अभ्यास कसला करायचा?

अगं, तुझा मेसेज वाचला. दहावी आपल्याकडे मराठी माध्यमातून, आणि आता एकदम इंग्लंडात इयर ट्वेल्व्ह, म्हणजे दोन वर्षांच्या ए-लेव्हलचं पहिलं वर्ष (आपली अकरावी), त्यात फिजिक्स, म्हणजे पहिले काही आठवडे डोक्यावरून जाणारच, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. मी इथे सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे ए-लेव्हलच्या या दोन वर्षांतल्या मुलांना फिजिक्स शिकवते, भारतातून आलेली मुलं नेमकी कुठे अडकतात ते रोज बघते, म्हणून सविस्तर लिहितेय.

तू लिहिलंयस की सगळे फॉर्म्युले पाठ करायला घेतलेत. ते थांबव. तुझा बोर्ड एक्यूए आहे ना, त्यात परीक्षेच्या हॉलमध्ये डेटा अँड फॉर्म्युले बुकलेट हातात देतात. बहुतेक सगळं त्यात असतं, स्थिरांकसुद्धा. ते पीडीएफ आजच डाउनलोड कर, प्रिंट काढ आणि गणितं सोडवताना कायम शेजारी ठेव, म्हणजे कुठल्या पानावर काय आहे ते आपोआप लक्षात राहील. पाठ करण्याचा वेळ वाचला तो दोन गोष्टींना दे, शब्दांत उत्तर लिहिणं आणि मोजमाप. मार्क जातात ते इथेच.

शब्दांचं आधी. तुला दहावीतलं 'शास्त्रीय कारणे लिहा' आठवतंय ना, इथले एक्सप्लेनवाले प्रश्न त्याचेच मोठे भाऊ आहेत, फक्त अर्धवट कारण चालत नाही. समज विचारलं, धातूवर पडणाऱ्या प्रकाशाची फ्रिक्वेन्सी तीच ठेवून इन्टेन्सिटी वाढवली तर काय होईल? बरीच मुलं लिहितात 'जास्त इलेक्ट्रॉन बाहेर पडतील' आणि पुढच्या प्रश्नाला जातात. बरोबर आहे, पण कारण कुठाय? एक फोटॉन (प्रकाशाच्या ऊर्जेचा एक कण) एकाच इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतो, इन्टेन्सिटी वाढली म्हणजे दर सेकंदाला येणारे फोटॉन वाढले, म्हणून दर सेकंदाला सुटणारे इलेक्ट्रॉन वाढले, पण फ्रिक्वेन्सी तीच असल्यामुळे प्रत्येक फोटॉनची ऊर्जा तेवढीच, म्हणून इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा बदलत नाही. आणि मुळात फ्रिक्वेन्सी थ्रेशोल्डच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणाऱ्या किमान फ्रिक्वेन्सीच्या खाली असेल तर दिवा कितीही प्रखर करा, एकही इलेक्ट्रॉन सुटणार नाही. ही 'म्हणून-म्हणून'ची साखळी आधी मराठीत मोठ्याने बोलून बघ, खरंच, लाजू नकोस, मराठीत कारण सांगता आलं की इंग्रजीत लिहिणं फार अवघड नसतं. मराठीतही अडखळलीस तर प्रॉब्लेम इंग्रजीचा नाहीये, कन्सेप्टचा आहे, मग परत चॅप्टर उघड.

आता मोजमाप, माझा सगळ्यात आवडता भाग. दोन वर्षांत तुला १२ ठरलेले प्रॅक्टिकल करायचेत. त्याचा शेरा वेगळा मिळतो, ग्रेडमध्ये धरत नाहीत, म्हणून मुलं ते उरकून टाकतात, आणि मग तिसऱ्या पेपरात ८० पैकी ४५ मार्क नेमके प्रॅक्टिकल स्किल्स आणि डेटावर असतात तेव्हा धांदल उडते. यंग मॉड्युलसचं घे, म्हणजे पदार्थ ताणायला किती कठीण आहे ते मोजण्याचं. दोन मीटरची बारीक तार, वजनं लटकवत जायची, तार किती ताणली ते मोजायचं (गॉगल घाल, तार तुटली तर डोळ्याकडे येते). आता लांबी मोजताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी चूक फक्त ०.१ टक्का. पण तारेचा व्यास ०.४० मिमी, मायक्रोमीटरची (बारीक जाडी मोजायच्या स्क्रू गेजची) अनिश्चितता ०.०१ मिमी, म्हणजे २.५ टक्के, आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो म्हणून थेट ५ टक्के! मुलं लांबी तीनतीनदा मोजतात आणि व्यास एकदाच, अगदी उलट. व्यास तीन-चार ठिकाणी घे, प्रत्येक ठिकाणी तार फिरवून काटकोनातही घे, आधी झिरो एरर (मायक्रोमीटर बंद असताना शून्य दाखवतो का) बघ, मग सरासरी. असा विचार एका प्रयोगात मुरला ना की बाकीच्या अकरांमध्ये तू स्वतःच विचारशील की इथे सगळ्यात कच्चं माप कुठलं.

बाकी किरकोळ पण महत्त्वाचं. पहिल्या दोन पेपरांत प्रत्येकी २५ एमसीक्यू असतात आणि जेईई-नीटसारखं निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही रिकामा सोडायचा नाही. मॅथ्सच्या पेपरात गुरुत्व त्वरण 'g' ९.८ घेतात, फिजिक्सला ९.८१, मिसळू नकोस. पुढच्या वर्षी एसएचएम (सिंपल हार्मोनिक मोशन, लंबकासारखी आंदोलनं) येईल तेव्हा कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे का ते आधी बघायचं. मॅथ्स घेतलंयस ते फार बरं केलंस, फिजिक्ससाठी सक्तीचं नसलं तरी पुढे इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी दोन्ही मागतात. आणि तिकडे अकरावीच्या मैत्रिणींचं क्लासमध्ये किती पोर्शन झालं याच्याशी तुलना नको, तुझी परीक्षाच वेगळी आहे.

वर्गात मुली कमी आहेत म्हणालीस. हो, देशभरातच ए-लेव्हल फिजिक्सला बसणाऱ्यांत मुली एक चतुर्थांशापेक्षा कमी असतात. म्हणून प्रॅक्टिकलला जोडीदार मुलगा उपकरण हातात घेऊन बसला आणि तुला नुसतं आकडे लिहायला लावलं तर ऐकून घ्यायचं नाही, मायक्रोमीटर मागून घे, रीडिंग स्वतः घे. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण चांगल्या हुशार मुली दोन वर्षं फक्त टेबल भरताना पाहिल्यात.

पुढच्या आठवड्यात रेझिस्टिव्हिटीचं (तारेच्या धातूची विद्युत रोधकता मोजायचं) प्रॅक्टिकल आहे ना तुझं? तिथेही व्यास येतोच. रीडिंगच्या पानाचा फोटो पाठव, नीटनेटकं लिहून काढू नकोस, आहे तसंच पाठव, रविवारी कॉलवर ग्राफ एकत्र काढू.

तुझी मावशी