मामांच्या गोष्टी आणि मामींच्या पाटल्या

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी दिमोना येथे राहते. आमचे आजोळ ठाण्याचे, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. 1950 साली आजी, आई, आईचे थोरले भाऊ आणि मामी इस्रायलला आले. बीरशेबाच्या माबाऱ्यात, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या वसाहतीत, पत्र्याच्या खोलीत त्यांनी पहिली काही वर्षे काढली. मामा आमच्या घरातले सर्वांत रंगतदार माणूस. पेटी पुढे ओढून ते योसेफाचे आख्यान साक्या आणि दिंड्यांसह असे लावायचे की शेजारचे मोरोक्कन कुटुंबही दारात येऊन उभे राहायचे. रेशनच्या दिवसांत सणाला तांदूळ कुठून मिळवायचा हे त्यांनाच माहीत असे. मात्र याच मामांनी मामींच्या पाटल्या त्यांना न विचारता विकल्या, पैसे रमीत घालवले आणि माझ्या आईच्या नावावर उसनवारी केली, जी आईने शिवणकाम करून फेडली. पुढे 1960 च्या दशकात माझ्या मावसबहिणीचे लग्न धर्मपीठाच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अधिकृत पीठाच्या, चौकशीत अडकले, तेव्हा ठाण्याहून आणि अलिबागहून वडीलधाऱ्यांची पत्रे मागवून कागदपत्रे उभी केली तीही मामांनीच.

मामा वारले त्याला बरीच वर्षे झाली. मामी नव्वदी ओलांडून आमच्यात आहेत. आम्ही भावंडे मिळून आठवणींचे पुस्तक करत आहोत आणि त्यात दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की गेलेल्या माणसाचे दोष लिहू नयेत, कारण दिवसच तसे होते. काहींना पाटल्यांचा उल्लेख हवाच आहे. शिवाय भारतातून आलेल्यांनी 1951 मध्ये धरलेल्या धरण्याचे पुढारी आपण होतो आणि 1952 मध्ये आपल्याला मुंबईला परत पाठवले होते असे मामा सांगत. मामी म्हणतात की ते त्या काळात हैफाला पत्ते खेळत होते. आम्ही काय लिहावे?

उत्तर : आपल्या पत्रात पुस्तकाचा गाभा आधीच आलेला आहे, आणि तो मामांच्या स्वभावात नसून दोन गोष्टींच्या जोडणीत आहे. ज्या हातोटीने मामांनी सणाचा तांदूळ घरी आणला, त्याच हातोटीने पाटल्या घराबाहेर नेल्या. ज्या वाक्चातुर्याने आईच्या नावावर उसने पैसे मिळाले, तेच पुढे भाचीच्या लग्नाची कागदपत्रे गोळा करताना कामी आले. गुण एका प्रकरणात आणि दोष दुसऱ्या प्रकरणात असे लिहिले तर वाचकाला दोन वेगळी माणसे भेटतील आणि त्यांतले एकही आपले मामा नसेल. म्हणून माझा आग्रह असा की दोष लिहावेत, आणि त्यांची किंमत कोणी मोजली हेही तितक्याच तपशिलाने लिहावे.

'दिवसच तसे होते' या वाक्यात तथ्य आहे, पण ते वाक्य फार लवकर येते आणि पुढचे सगळे झाकून टाकते. ते दिवस कसे होते हे आधी सांगावे लागेल. इस्रायलमध्ये 1949 मध्ये अन्नधान्याचे रेशनिंग सुरू झाले, 1950 च्या उन्हाळ्यात कपडे आणि पादत्राणेही त्यात आली, आणि हळूहळू सैल होत गेलेली ही व्यवस्था 1959 मध्ये पूर्णपणे संपली. नवजात राज्यात थोड्या वर्षांत लाखो माणसे येऊन पोहोचली होती आणि सरकारकडे परकीय चलन तुटपुंजे होते. अंड्यांच्या जागी अंड्याची पूड आली आणि मांसाचा वाटा अगदी लहान झाला, त्याबरोबर काळाबाजार इतका फोफावला की त्याच्याविरुद्ध सरकारला मोहीमच उघडावी लागली. भात हेच ज्यांचे जेवण, अशा कोकणातल्या माणसांना त्या ताटात घरचे काही दिसत नव्हते. भाषा येत नाही, काम रस्त्याचे किंवा बांधकामाचे, आणि ठाण्याला कचेरीत बसणारा माणूस इथे घमेली उचलतो आहे. अशा घराला अधिकाऱ्याशी बोलू शकणारा, ओळखी काढणारा, नियमाच्या कडेकडेने चालणारा एक माणूस लागतोच. आपल्या आजीने आणि आईने मामांच्या त्या धडपडीवर सण साजरे केले, हे पुस्तकात स्पष्ट यायला हवे, कारण त्यामुळे घर मामांच्या हिकमतींत सामील होते हेही दिसते.

परंतु या सगळ्यातून मामांना मोह कसा पडला एवढेच कळते. पाटल्यांचा हिशेब त्याने फिटत नाही. त्याच वसाहतीत, त्याच रेशनवर, पत्ते न खेळणारी माणसेही राहत होती. काळाची कठीण परिस्थिती सविस्तर लिहा आणि त्या प्रकरणाच्या शेवटी 'म्हणून मामांनी असे केले' हे वाक्य मात्र लिहू नका. वाचक दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून स्वतः ठरवील.

लिहिताना विशेषणांपासून सावध राहावे असे मला कळकळीने सांगायचे आहे. 'मामा जरा उधळे होते, पण मनाने राजा' या धर्तीची वाक्ये कुटुंबाच्या आठवणींत सर्वाधिक आढळतात आणि त्यांनी माणूस पुसला जातो. त्याऐवजी असे लिहून पाहा : 'मामींच्या पाटल्या लग्नात त्यांच्या आईने घातल्या होत्या. माबाऱ्यात त्या पिठाच्या डब्यात ठेवलेल्या असत. एका शुक्रवारी शब्बाथच्या (शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या) पोळ्या करण्यासाठी मामींनी डबा उघडला तेव्हा त्या तिथे नव्हत्या. मामा त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा अधिक सुरेल गायले.' यातला पिठाचा डबा आणि शुक्रवार मी कल्पनेने घातला आहे. आपण खरा तपशील घाला. कोठे ठेवल्या होत्या, किती वजनाच्या होत्या, कधी लक्षात आले, मामी काय बोलल्या आणि काय बोलल्या नाहीत. आईच्या उसनवारीचेही तसेच. ती कोणाचे कपडे शिवत असे, दिवा किती वाजेपर्यंत जळत असे, शेवटचा हप्ता कोणत्या वर्षी फिटला. मामांच्या गाण्याला जेवढी पाने द्याल, तेवढीच आईच्या शिवणयंत्राला द्या. रंगतदार माणसांच्या आठवणींत घराचे ओझे वाहणारी माणसे नेहमी कडेला उभी राहतात, आणि माझ्या मते अशा पुस्तकांतला सर्वांत मोठा अन्याय तोच असतो.

आता धरण्याविषयी. नोव्हेंबर 1951 मध्ये भारतातून आलेल्या कुटुंबांनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या, म्हणजे नव्याने येणाऱ्यांना वसवणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयासमोर धरणे धरले होते. कामात, घरांच्या वाटपात आणि वागणुकीत वर्णावरून भेदभाव होतो अशी त्यांची तक्रार होती आणि आम्हांला भारतात परत पाठवा ही मागणी होती. 1952 मध्ये काही कुटुंबांना खरोखरच परत पाठवण्यात आले, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाऊ देण्याची विनंती केली. म्हणजे मामांची गोष्ट घडण्यासारखी होती. ती मामांच्या बाबतीत घडली की नाही एवढेच पाहायचे आहे. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या काळची अनेक वृत्तपत्रे संगणकावर वाचायला उपलब्ध केली आहेत आणि त्यांत 'द जेरुसलेम पोस्ट' हे इंग्रजी दैनिकही आहे, त्यामुळे हिब्रू न वाचणाऱ्या भावंडांनाही त्या महिन्यांचे अंक पाहता येतील. ज्यू एजन्सीचे जुने दप्तर जेरुसलेममधील मध्यवर्ती झायोनिस्ट अभिलेखागारात आहे. मुंबईकडची बाजूही पाहावी. कोणी 1952 मध्ये ठाण्याला परतला असेल तर तेथील सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनामंदिराच्या) वह्यांत, एखाद्या लग्नाच्या साक्षीदारांत किंवा वर्गणीच्या यादीत त्याचे नाव सापडण्याची शक्यता आहे.

शोध घेऊनही काही हाती लागले नाही तर दोन्ही कथा लिहा आणि प्रत्येक कथा कोणाची ते सांगा : मामा असे सांगत, मामी असे सांगतात. मामांनी तेथे नसताना पुढारीपण सांगितले असेल, तर तेही लिहिण्याजोगे आहे. जे धरण्याला बसले त्यांनी सर्वांसाठी अपमानाची दाद मागितली होती. त्यांच्यात आपण असायला हवे होते असे एखाद्या माणसाला आयुष्यभर वाटत राहणे यात त्याच्याविषयी पुष्कळ काही कळते. फक्त त्या धरण्यात प्रत्यक्ष बसलेल्यांचे श्रेय आपल्या पुस्तकाने मामांना देऊ नये.

लग्नाच्या चौकशीचा प्रसंग मात्र मोठा आणि निर्विवाद दिसतो, त्याला मोकळा वाव द्या. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने असे निर्देश काढले होते की बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह अन्य ज्यू समाजातील व्यक्तीशी लावण्यापूर्वी तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरा सांगणारा, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखला गेलेला हा समाज, आणि त्याला आपले ज्यू असणे सिद्ध करायला सांगितले गेले. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत आणि त्यांच्यात व इतर ज्यूंमध्ये भेद करता येणार नाही असा ठराव केला. भाचीच्या पाठीशी मामा त्या काळात उभे राहिले. ठाण्याहून आणि अलिबागहून आलेली ती पत्रे घरात असतील तर त्यांची छायाचित्रे पुस्तकात घ्या. कोणी, कोणत्या गावाहून, किती पिढ्यांची साक्ष दिली हे आपल्या नातवंडांना वाचू द्या. मात्र हे प्रकरण पाटल्यांच्या प्रकरणानंतर लगेच ठेवून दोहोंची वजाबाकी करू नका. कालक्रमाने ज्या जागी येते तेथेच येऊ द्या. मधली वर्षे आणि त्यांतल्या मामीही पुस्तकात दिसल्या पाहिजेत.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मामींचा. आपण भावंडांच्या दोन तटांविषयी लिहिले आहे, पण ज्यांच्या पाटल्या गेल्या त्यांना काय वाटते हे आपल्या पत्रात कोठेही नाही. तो प्रसंग छापायचा की नाही, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. त्यांच्याजवळ बसा, लिहिलेले त्यांना सावकाश वाचून दाखवा, आणि त्या मराठीत ज्या शब्दांत सांगतील ते शब्द तसेच ठेवा. हिब्रू अनुवाद पुढच्या पिढीसाठी नंतर करता येईल. त्या नको म्हणाल्या तर त्यांच्या हयातीत तो भाग छापू नका, लिहून जपून ठेवा. पण त्या नको म्हणतील असे गृहीत धरू नका. हैफाच्या पत्त्यांची गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली आहे, यावरून त्यांना बरेच काही सांगायचे असावे असे मला वाटते. आणि त्यांना केवळ पाटल्यांपुरते आणू नका. माबाऱ्यातल्या स्टोव्हवर नारळाशिवाय बिरडे कसे केले, हिब्रू कोणाकडून शिकल्या, मामा गायला बसले की त्या आत जात की ऐकत बसत, हे विचारा. तो शेवटचा प्रश्न आधी विचारला तरी चालेल.

प्रश्न : आम्ही ठाण्यातच राहिलो. आजोबांचे धाकटे भाऊ इस्रायलला गेले आणि तेथून त्यांनी पाठवलेली पत्रे आमच्याकडे आहेत. पत्रांत रोज अंडी-लोणी, स्वतःचे घर, मोठी नोकरी असा थाट आहे; प्रत्यक्षात ते तंबूत राहत होते आणि आजोबांकडे पैसे मागत होते, हे नंतर कळले. खोटी पत्रे संग्रहात ठेवावीत का?

उत्तर : अवश्य ठेवावीत, आणि एक अक्षरही न बदलता. 1951 च्या पत्रात रोज अंडी खातो असे कोणी लिहिले असेल, तर ज्या वर्षी तेथे अंडी मोजून मिळत होती त्या वर्षीचे ते पत्र आहे, आणि तळटीपेत रेशनची माहिती दिली की लिहिणाऱ्याच्या मनाची अवस्था वाचकाला दिसते. घर सोडून गेलेला माणूस पहिल्या पत्रात आपले चुकले असे सहसा लिहीत नाही, विशेषतः मागे राहिलेल्या भावाला, ज्याने कदाचित जाऊ नकोस असे सांगितले होते. आपल्या आजोबांची उत्तरे मिळाली तर पाहा. पैसे पाठवताना त्यांनी थोरलेपणाने चार शब्द सुनावले होते की काहीच न विचारता मनीऑर्डरचा मार्ग शोधला होता, यावर त्या बढाईचा अर्थ बराच अवलंबून आहे.

पत्रे पाकिटांसह जपा. शिक्क्यावरचे गाव आणि तारीख पुष्कळदा पत्रातल्या मजकुरापेक्षा अधिक सांगतात : 'माझ्या घरून' असे लिहिलेल्या पत्रावर वसाहतीच्या टपालाचा शिक्का असू शकतो. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, पैसे मागणारी पत्रे वेगळी काढून लपवू नका, आणि सर्व पत्रे तारखेच्या क्रमाने लावा. इस्रायलमधील त्यांच्या मुलांना प्रती पाठवण्यापूर्वी पैशांच्या मागणीचा उल्लेख त्यांत आहे हे त्यांना आधी कळवावे.