गोठ्यातली पत्रं : पेंढा, पोतं आणि सासूबाईंचा कुळीथ

प्रश्न : काका, आमच्याकडे दोन गावठी गाई आणि एक पाडी आहे. मी कृषी पदविका केली आहे. विकतच्या खाद्याच्या पोत्यावर २० टक्के प्रोटीन छापलेलं असतं, तेच घालावं असं मी म्हणते. सासूबाई कुळथाचा भुसा, पावट्याचा पाला आणि रात्री भिजवलेल्या कोंड्याचं आंबोण सोडायला तयार नाहीत. भाताच्या पेंढ्याबद्दल त्यांचं एकच वाक्य : "पेंढ्यान पॉट भरता, आंगाक लागना नाय." हे कधी कुणी तपासून बघितलं आहे का? आणि पोत्यावरचा तो टक्का काढतात कसा?
— एक सून, कणकवली तालुका

उत्तर : सूनबाई, हे उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. पेंढ्याच्या बाबतीत त्या जिंकल्या आहेत.

आम्ही शिकत असताना गुरांच्या चाऱ्याचे छापील तक्ते पाठ करावे लागत. त्यात भाताच्या पेंढ्यासमोर 'पचणारी प्रथिनं' या रकान्यात चक्क शून्य असे. मला आधी छपाईची चूक वाटली. पेंढ्यात तीन-चार टक्के प्रथिन सापडतं, पण गाईच्या पोटातून हिशेब करून बाहेर पडलात की हाती काही उरत नाही. वर त्यात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, भरपूर. म्हणून तर विळा लवकर बोथट होतो. भाताच्या पेंढ्यावरच्या गुरांना चुना, म्हणजे कॅल्शियम, अंगी लावून घेता येत नाही, हेही आपल्याकडे स्वातंत्र्याआधीच मोजून झालं होतं. पेंढ्यातलं ऑक्झॅलेट तो चुना धरून ठेवतं.

आता हे 'पोटातून हिशेब करणं' सुरू कुणी केलं? फ्रान्समधल्या अल्सास भागात बूसँगो नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, सासुरवाडीची शेती सांभाळत. त्यांनी १८३९ साली एक दुभती गाय घेतली. तिला घातलेला प्रत्येक घास तोलला, मग दूध, शेण आणि मूतही तोललं आणि दोन्हीकडचा नत्र, म्हणजे नायट्रोजन, मोजला. आत किती, बाहेर किती. सावकाराच्या वहीसारखं, फक्त वही शेणाची. हसू नका, पशुआहाराचं सगळं शास्त्र या जमाखर्चातून निघालं. याच माणसाने वर्षभर आधी दाखवलं होतं की क्लोव्हर आणि वाटाणा ही शेंगावर्गातली पिकं नत्राची भर घालतात, गहू घालत नाही. कसं, ते त्यांना उमगलं नाही. मुळांवरच्या गाठींचा उलगडा हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ साली केला. तुमच्या सासूबाईंचा कुळीथ भात कापल्यावर त्याच मळ्यात, उरल्या ओलीवर, खताशिवाय येतो आणि त्याचा भुसा पेंढ्याची उणीव थोडीफार भरून काढतो तो त्या गाठींमुळे. चुनाही शेंगावर्गाच्या चाऱ्यात जास्त असतो.

टक्का काढतात तो जर्मन पद्धतीने. गॉटिंगेनजवळ व्हेंडे इथल्या प्रयोगकेंद्रात हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी १८६०च्या आसपास ती बसवली. चारा वाळवायचा, जाळून राख बघायची, ईथरने स्निग्धांश काढायचा, आधी सौम्य आम्लात आणि मग सौम्य अल्कलीत अर्धा अर्धा तास उकळून जे उरेल त्याला तंतू म्हणायचं. प्रथिन थेट मोजतच नाहीत! नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र असतो. पोत्यावर 'क्रूड' हा शब्द आहे ना, तो याच ढोबळपणाची कबुली आहे. आता गंमत करा : युरियात ४६ टक्के नत्र. गुणा ६.२५ ने. युरियात २८७ टक्के प्रथिन निघालं! तेव्हा पोत्यावर २० दिसलं की ते वीस आले कशातून, हे विचारायला शिका. शेंगदाण्याच्या पेंडीतून, सरकीतून की आणखी कशातून?

हीच शंका अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉकना होती. दुधाचं फॅट काढायची सोपी रीत १८९० साली देणारे तेच. डेअरीत फॅटवर दुधाला भाव मिळतो, त्याची सुरुवात त्यांच्यापासून. त्यांना वाटे की तक्त्यावर सारखे दिसणारे दोन चारे गाईला सारखे असतीलच असं नाही. वरिष्ठांच्या मागे लागून लागून अखेर १९०७ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा कालवडी घेतल्या, चार-चारांचे चार गट. एका गटाला सगळं मक्याचं, दुसऱ्याला सगळं गव्हाचं, तिसऱ्याला सगळं ओटचं, चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. तक्त्याने बघाल तर चारही गव्हाणींत सारखंच पडत होतं. चार वर्षं हे चाललं. मक्यावरच्या कालवडींच्या अंगावर तेज, वासरं धडधाकट. गव्हावरच्यांची वासरं दिवस भरायच्या आधी पडली, मेलेली किंवा मरायला टेकलेली. मग गव्हाच्या गाई मक्यावर आणल्या तर त्या सुधारल्या. चाऱ्यात असं काहीतरी होतं जे व्हेंडेच्या भांड्यात दिसत नव्हतं. तिथेच काम करणाऱ्या मॅकॉलम यांनी पुढे उंदरांवर शोध घेतला आणि १९१३ साली आज ज्याला 'अ' जीवनसत्त्व म्हणतो ते हाती लागलं. पिवळ्या मक्यात त्याचा कच्चा माल असतो, गव्हात जवळजवळ नसतो. हिरव्या पाल्यात भरपूर. सासूबाई पावट्याचा हिरवा पाला टाकतात तो का, हे त्यांना विचारलंत तर त्या "गाय खाता म्हणान" एवढंच सांगतील. सांगू द्या.

पण सासूबाईंनी फार खूश होऊ नये. आंबोणात एकट्या कोंड्यावर दुभती गाय निभत नाही, आणि आपल्या गिरणीतल्या कोंड्यात तूस किती याचा भरवसा नाही. पोतं वाईट नाही. वाईट काय ते मी स्वतः करून बघितलं आहे.

पशुधन पर्यवेक्षकाचा कोर्स करून देवगडला घरी आलो तेव्हा आईची एक तांबडी गाय होती, लहान चणीची, वेळेला दोनेक लिटर देणारी. हल्ली अशा गाईंची 'कोकण कपिला' म्हणून सरकारदरबारी नोंद आहे. तेव्हा त्यांना कुणी 'जात' म्हणत नसे. मी तक्ता काढला, गाईचं वजन धरलं, दुधाचा हिशेब केला आणि पसाभर शेंगदाणा पेंडीच्या जागी एकदम दीड किलो घातली. एका रात्रीत. दुसऱ्या दिवशी गाय रवंथ करेना, तिसऱ्या दिवशी शेण पातळ, आणि दूध दोन लिटरवरून पावशेरावर. आईने माझ्या वहीकडे बघितलं आणि म्हणाली, "तुजा पुस्तक गायन खय वाचल्यान?" तिने पेंड बंद केली, नुसता पेंढा आणि थोडं गवत दिलं, आणि गाय पाच दिवसांत चालायला लागली. गाईच्या मोठ्या पोटात जंतूंचं एक गावच असतं, आणि चारा पचवतात ते जंतू. नवा चारा आला की त्यांची वस्ती बदलायला दहा-पंधरा दिवस लागतात. हे मला पुस्तकात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

तेव्हा तुमच्या घरासाठी असं : कुळथाचा भुसा चालू ठेवा, पाला चालू ठेवा, आणि पोत्यातलं खाद्य मूठ-मूठ वाढवत दोन आठवड्यांत जागेवर आणा. पेंढाही सुधारता येतो. जर्मनीत बेकमान यांनी १९२१ साली पेंढा कॉस्टिक सोड्यात भिजवून मऊ केला होता. आपण सोड्याऐवजी युरिया वापरतो. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ४०–५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडत आणि तुडवत जायचं. वरून प्लॅस्टिक घट्ट दाबून २१ दिवस हवाबंद. युरियाचा अमोनिया होतो आणि तो पेंढ्याची घट्ट वीण सैल करतो. घालायच्या आधी तासभर वाऱ्यावर पसरा, डोळे चुरचुरतील. सहा महिन्यांखालच्या वासराला देऊ नका, आणि ते युरियाचं पाणी असलेली बादली गोठ्यात विसरू नका. गाय प्यायली तर दवाखान्यात पोचायला वेळ मिळत नाही. हे काम दिवाळीनंतर, उडवी रचतानाच उरकलेलं बरं.

प्रश्न : आमच्या वाडीचा सामायिक सडा, म्हणजे कातळावरचा माळ, आहे. पूर्वी गुडघाभर गवत येई, आता कुसळीशिवाय काही दिसत नाही. गडगा घालून दोन वर्षं गुरं बंद केली तर गवत परत येईल का? काही जण म्हणतात युरिया फेका, लगेच येईल.
— राजापूर तालुका

उत्तर : युरियाचं आधी निकालात काढू. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका जुन्या गवती कुरणाचे तुकडे पाडून वेगवेगळी खतं टाकायला सुरुवात केली. तो प्रयोग आजतागायत चालू आहे, करणारे जाऊन शंभरावर वर्षं झाली. ज्या तुकड्याला काहीच दिलं नाही तिथे आजही चाळीसच्या आसपास जातींची झाडोरा-गवतं मिळतात. ज्याला वर्षानुवर्षं अमोनियाचं खत दिलं आणि चुना दिला नाही, तिथे माती आंबट होत गेली आणि दोन-तीन जातीच उरल्या. गवताचं वजन वाढलं, पण शेंगावर्गातल्या वनस्पती पार गेल्या. आपली कातळावरची जांभी माती मुळातच आंबट, वर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. तुमचा युरिया श्रावणाआधी खाडीत पोचलेला असेल.

बंदीचं मात्र खरं आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले विल्यम बर्न्स, आणि त्यांच्याबरोबर कुळकर्णी व गोडबोले, यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत पश्चिम भारतातल्या चराऊ रानांचा अभ्यास केला. भांबुर्ड्याचं, म्हणजे आताच्या शिवाजीनगरचं, रान त्यात होतं. तिथे आज गवत शोधायला गेलात तर लोक दवाखान्याचा रस्ता दाखवतील. अशा रानांत दिसतं ते असं : गुरं बारमाही सोडली की चांगली, बहुवर्षायू गवतं शेंड्यापासून मुळापर्यंत खाल्ली जाऊन संपतात आणि गुरं ज्याला तोंड लावत नाहीत ते राहतं. कुसळीचं बी टोकदार, तोंडात आणि लोकरीत रुतणारं; ती उरते यात तिचा हुशारपणा आहे. सडा बंद केला की क्रम उलटा फिरतो, पण मुळं शिल्लक असली तरच. नुसता कातळ उघडा पडला असेल तर दोन वर्षांत काही होणार नाही.

सगळा सडा बंद करू नका, वाडीत भांडणं होतील आणि गडगा रात्रीत फुटेल, मी दोनदा बघितलंय. तीन भाग करा, एका पावसाळ्यात एकच बंद. बंद भागात कोंबडीच्या खुराड्याएवढी एक जागा काटेरी वई घालून कायमची वेगळी ठेवा. त्यात काय उगवतंय हे बघितल्याशिवाय बंदीने फरक पडला की पावसाने, हे सांगता येणार नाही. रॉथॅमस्टेडच्या त्या बिनखताच्या तुकड्याचं कामही हेच.

आणि कापणी. गवत फुलावर आलं की कापावं, बी पडल्यावर ते पेंढ्याच्याच वाटेला जातं, हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल. लिहिणाऱ्याने कोकणातला भाद्रपद बघितलेला नसतो. फुलावर येतं तेव्हा पाऊस, वाळवायचं कुठे? म्हणून मी म्हणतो, फुलावरचं गवत ओलंच कापून आणून गोठ्यात घाला, आणि साठवणीचं दसऱ्यानंतर उघडीप बघून. शिमग्यापर्यंत उभं ठेवलंत तर ते वणव्याचं.

प्रश्न : पाडीचं वजन काट्याशिवाय कळेल का? खाद्याने वाढते की नाही बघायचं आहे.
— मालवण

उत्तर : कळतं, अंदाजाने. शिवणकामाचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ३००. येईल ते पौंड. २.२ ने भागलंत की किलो. घेर ४८ आणि लांबी ४० असेल तर ३०७ पौंड, म्हणजे १४० किलोला थोडं कमी. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, पाणी पाजायच्या आधी, आणि दर वेळी त्याच माणसाने मोजायचं. सुतळीने मोजू नका, पावसाळ्यात ती ओढली जाते आणि पाडी उगाच बारीक झालेली दिसते.