नाकाच्या सर्जरीनंतर पाचव्या दिवशीही बहिणीला झोप नाही, सारखी रडते. गोळ्यांमुळे असेल का? (पुणे)

असू शकतं. सूज उतरायला बऱ्याचदा प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन देतात. या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, उगाच रडू येतं. कोथरूडची आमची मावशी तर अशाच गोळ्यांवर रात्री दोनला कपाटं आवरायची! सकाळी नाश्त्यानंतर घेता येईल का, हे सर्जनना विचारा. परस्पर बंद करू नका.

चिठ्ठीत ट्रामाडॉल हे दुखणं कमी करणारं औषध आहे का तेही बघा. ती आधीपासून डिप्रेशनची गोळी घेत असेल तर आजच फोन करून सांगा, काही गोळ्यांसोबत ते धोक्याचं ठरतं. सुजलेला चेहरा आरशात बघूनही माणूस खचतो म्हणा. पण भास झाले किंवा ‘जगायचं नाही’ असं बोलली, तर तिला एकटं न सोडता लगेच इमर्जन्सीत न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.