लेबलवर '५०,००० मार्टिन्डेल' लिहिलेले सोफ्याचे कापड किती वर्षे टिकते, आणि कार्पेटसाठीही असा आकडा असतो का?

आपण पंचवटीत यात्रेकरूंसाठी लॉज चालवता, २०२७ च्या सिंहस्थाआधी सोफे आणि कार्पेट बदलायचे म्हणता, आणि दुकानदाराने दाखवलेल्या '५०,००० मार्टिन्डेल' या लेबलचा अर्थ विचारता. मी कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली आहे, म्हणून आधीच सांगतो की या आकड्यावरून वर्षे काढता येत नाहीत. एकाच पद्धतीने तपासलेल्या दोन कापडांची तुलना करायला मात्र तो चांगला उपयोगी पडतो.

मार्टिन्डेल हे कापड घासून त्याची झीज तपासणारे यंत्र आहे. या यंत्रात कापडाची ३८ मिलीमीटर व्यासाची गोल चकती धारकात बसवतात आणि खाली ताणलेल्या ठरावीक प्रतीच्या लोकरी कापडावर ती दाबाखाली घासतात. हा दाब सोफ्याच्या कापडासाठी १२ किलोपास्कल असतो, तर अंगावरच्या कपड्यांसाठी ९. चकतीचा मार्ग सरळ रेषेतून हळूहळू लंबवर्तुळाकडे आणि पुन्हा रेषेकडे वळत राहतो, त्यामुळे उभे-आडवे धागे सगळ्या दिशांनी घासले जातात. मिनिटाला सत्तेचाळीसच्या आसपास रब, म्हणजे घासण्याच्या फेऱ्या, होतात, म्हणजे ५०,००० रबांना यंत्र सतरा तासांहून अधिक चालते, आणि ठरलेल्या टप्प्यांवर ते थांबवून चकती भिंगाखाली पाहावी लागते. विणलेल्या कापडातले दोन वेगवेगळे धागे पूर्ण तुटले, किंवा मखमलीसारख्या कापडाची लव पार झिजून गेली, की चाचणी संपते. म्हणून लेबलवर समाधान न मानता अहवाल मागावा आणि ५०,००० रबांना धागे तुटले, की तोवर काहीच न तुटल्याने यंत्र थांबवले, हे त्यात पाहावे. या दोन निकालांत पुष्कळ अंतर आहे. घरगुती वापरासाठी १५,००० ते २५,००० आणि लॉजसारख्या वर्दळीच्या जागेसाठी ३०,००० च्या पुढचे कापड सर्वसाधारणपणे योग्य मानतात. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर 'डबल रब' असे लिहिलेले असते. ती चाचणी वेगळ्या यंत्रावर, सरळ रेषेत घासून होते आणि तिचा आकडा मार्टिन्डेलमध्ये बदलता येत नाही, दुकानदार काहीही सांगो.

खरे तर सोफा फाटतो म्हणून बदलणारे गिऱ्हाईक मी फारसे पाहिलेले नाही. त्याआधीच कापड गोळे धरते, नाहीतर रंग सोडते. गोळ्यांसाठी वेगळी चाचणी आहे आणि तिची श्रेणी १ ते ५ अशी, ५ म्हणजे काहीच बदल नाही. आपल्याकडे तर रंगाची चाचणी मी सर्वांत वर ठेवीन. रामकुंडावरून ओल्या अंगाने, पांढरे धोतर-उपरणे नेसून आलेला माणूस गडद मरून सोफ्यावर बसला तर काय होईल, हे रबांचा आकडा सांगत नाही, पण क्रॉकमीटर सांगतो. त्यात पांढरे सुती कापड गुंडाळलेली बोटासारखी कांडी नमुन्यावर दहा वेळा मागेपुढे फिरवतात, एकदा कोरडी आणि एकदा ओली, आणि पांढऱ्यावर किती रंग उतरला ते करड्या पट्टीशी ताडून पाहतात. गडद रंगांत ओल्या घर्षणाची श्रेणी कोरड्यापेक्षा बहुधा खालीच येते, आणि लबाड विक्रेता फक्त कोरडी दाखवतो. खिडकीजवळच्या सोफ्यासाठी उन्हाने रंग उडण्याची श्रेणीही विचारावी. ती १ ते ८ असते.

कार्पेटसाठी असा एक आकडा नसतो. कार्पेट झिजून भोक पडण्याच्या कितीतरी आधी दबलेले, विस्कटलेले आणि मळकट दिसू लागते, म्हणून चाचणीही दिसण्याचीच करतात. कार्पेटचा तुकडा लव आत ठेवून ड्रमच्या आतल्या बाजूला लावतात, आत सहा खुंट्यांचा जड गोळा टाकून ड्रम ४,००० किंवा १२,००० फेरे फिरवतात आणि मग कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवून १ ते ५ अशी श्रेणी देतात. चाकाच्या खुर्च्या असतील तर २५,००० फेऱ्यांची निराळी चाचणी आहे. नायलॉन कार्पेटवर हिवाळ्यात शॉक बसतो का, हे चालून तपासतात, तेही २५ टक्के आर्द्रतेत; नाशिकच्या कोरड्या थंडीत ही चाचणी फुकट जात नाही. लवेची उंची बघून मात्र भुलू नये, कारण टाके दाट असतील तरच ती लव उभी राहते.

या घासण्याच्या चाचण्यांत माती, वाळू आणि पाणी नसते. आपल्या दाराशी हे तिन्ही आहेत, म्हणून खोलीभर कार्पेट घालूच नये असे माझे मत आहे. दर्शनी भागात धुता येणारी सतरंजी आणि दाराबाहेर खरखरीत पायपुसणे पुरे होईल.

मोठी खरेदी असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून स्वतः तपासून घ्यावे; मुंबईत घाटकोपरला बिट्रा, म्हणजे बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, आहे, आणि लोकरीच्या मालासाठी ठाण्याची वूल रिसर्च असोसिएशन. नमुना दुकानातल्या कॅटलॉगातून न घेता आपल्याला येणार असलेल्याच गठ्ठ्यातून, काठ सोडून, कापून घ्यावा आणि वापर लॉजचा आहे असे अर्जात लिहावे.